पूर्वलक्षी प्रभावाने

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर भालचंद्र आगटे राहत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते, आणि इतकी वर्षं होते की त्यांच्या हाताखाली फायलीवर नोटिंग करायला शिकलेली माणसं पुढे निघून गेली तरी हे आपले त्याच खुर्चीत. पण कॉलनीतल्या मराठी घरांत त्यांचा दरारा होता तो वेगळ्याच कारणासाठी. कुणाचं पोर पदवीधर झालं आणि पुढे शिकायचं म्हणालं, की आईबाप त्याला आधी आगट्यांकडे धाडत. देशात आणि देशाबाहेर शिकायला कोण पैसे देतं, कशासाठी देतं आणि कुणाला देत नाही, हे भालचंद्ररावांना तोंडपाठ होतं. कुणाला देत नाही, हे जरा जास्तच.

पोर दारात उभं राहिलं की ते नाव विचारत नसत. पहिला प्रश्न, "वडिलांचं उत्पन्न?" दुसरा, "दहावी कुठून?" मग चष्मा कपाळावर सरकवून ते डोळे मिटत आणि बसल्या जागी त्या मुलाचं भवितव्य सांगून टाकत. त्यांच्या सल्ल्यानं कुणी कानपूरला एम.टेक. केलं, कुणी थेट लंडन गाठलं. पेढे घेऊन आलेल्या आईबापांना ते म्हणत, "माझं काही नाही, पात्रता होती." पेढा मात्र घेत. मीही सरकारी नोकरच, पण मी पोटासाठी नियम पाळायचो. भालचंद्रराव हौसेनं पाळत, आणि हौसेला मोल नसतं, ती दुसऱ्यांच्या घरात बघायला मजा येते.

मग त्यांची स्वतःची मुलगी एम.एस. करायचं म्हणाली. गोष्ट सत्त्याण्णव सालची. कुमुद बी.एस्सी.त पहिली आली होती आणि तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मृदाशास्त्राला, म्हणजे मातीचा अभ्यास करायला, प्रवेश मिळाला होता. जानेवारीत हजर व्हायचं होतं. फीचा काही भाग तेच माफ करणार होते, बाकीचा आपला.

"माती शिकायला एवढ्या लांब?" मी विचारलं.

"काका, इथली माती एक्स्पोर्ट क्वालिटीची आहे, पण लॅब नाहीये ना," कुमुद म्हणाली. दिल्लीत वाढलेली पोरगी, जीभ कुठल्याच भाषेत अडायची नाही.

भालचंद्ररावांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि पहिल्यांदाच फार वेळ मिटलेलेच ठेवले. महाराष्ट्र सरकारच्या योजनेला मुलीची शाळा महाराष्ट्रातली हवी. कुमुदची शाळा सरोजिनी नगरची. दिल्लीच्या एका योजनेत बापाचं मूळ गाव आडवं आलं. पुण्याच्या एका ज्ञातिसंस्थेला आगटे चालत होते, पण आगट्यांची ही शाखा चालत नव्हती. बँकेला तारण म्हणून घर हवं होतं आणि सरकारी क्वार्टर काही गहाण टाकता येत नाही. एक योजना अगदी तंतोतंत जुळत होती, पण ती वडील हयात नसलेल्या मुलींसाठी होती.

"त्या योजनेत मीच एक अडथळा आहे," भालचंद्रराव गंभीरपणे म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

"अहो, काय बोलताय?" अरुणावहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

शेवटी उरला एक न्यास. चांदनी चौकातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं मरताना ठेवलेला पैसा त्याचे नातू मुलामुलींच्या परदेशी शिक्षणाला देत. अट एकच, घरचं वर्षाचं उत्पन्न अमुक रकमेच्या आत हवं. भालचंद्ररावांचं उत्पन्न बरोबर आत होतं, उंबऱ्यावर पाऊल टेकून. कुमुद मुलाखतीला गेली, त्या नातवांतल्या थोरल्या, वृद्ध लालाजींना तिनं हिंदीत असं काही शेत आणि माती समजावलं की त्यांनी तिच्यासाठी लस्सी मागवली. पण पक्कं व्हायचं ते डिसेंबरात, उत्पन्नाचा ताजा दाखला बघून.

आणि त्याच उन्हाळ्यात मंत्रालयानं भालचंद्ररावांना बढती देऊ केली. अवर सचिव. तेरा का चौदा वर्षं ज्या पदाकडे ते बघत होते ते आलं ते नेमकं या वेळी. अवर सचिवाचा पगार उंबऱ्याच्या बाहेर पडत होता.

मदर डेअरीच्या बूथवर आम्ही दोघं रोज सकाळी दूध आणायला जात असू. यंत्रात टोकन टाकून त्यांनी दुधाची डोलची भरली. परत येताना म्हणाले, "श्रीरंगराव, बढती नाकारता येते. तशी तरतूद आहे. वर्षभर पुन्हा विचार होत नाही, एवढंच."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी होतो. निवृत्त झालो नसलो तर."

"कधी होताय?"

"त्याच्या आधी," ते म्हणाले. पुढे त्यांनी मला बजावलं, घरी बोलायचं नाही. घरी त्यांनी सांगून टाकलं की यंदाही नाव आलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्यांना मूर्ख म्हणालो. दोन्ही मनापासून होतं.

अरुणावहिनींना हे फार लागलं. बढती आता नक्की, असं कुणीतरी त्यांच्या कानावर आधीच घातलं होतं, आणि बढतीबरोबर मोठं क्वार्टर येतं. त्याच्या मोठ्या खिडक्यांसाठी त्यांनी सरोजिनी नगरच्या बाजारातून, घासाघीस करून, मोरपंखी रंगाचे तयार पडदे आणून ठेवले होते. नाव आलं नाही म्हटल्यावर त्यांनी ते आमच्यासारख्याच बुटक्या खिडक्यांना लावून टाकले. पडदे जमिनीवर हातभर लोळायचे. कुणी आलं-गेलं की त्यात पाय अडकायचा. वहिनी म्हणायच्या, "असू देत. पुढच्या वर्षी आहेच." कॉलनीत सगळ्यांना भालचंद्ररावांची दया यायची. एवढा हुशार माणूस, पण साहेबांची मर्जी नाही, असं लोक म्हणत. त्यांच्या जागी गेला विलास पोतनीस. मयूर विहारहून स्कूटरवर यायचा, भालचंद्ररावांनीच कामाला लावलेला, सरळ मुलगा. बढतीचा हुकूम घेऊन तो पाया पडायला आला आणि त्याचा पाय पडद्यात अडकला.

आता यातली गंमत सांगतो. त्या वर्षी सगळ्या सरकारी दिल्लीला वेतन आयोगाचा ताप चढलेला होता. नवीन पगार कधी, किती, कधीपासून, याशिवाय पार्कात दुसरा विषय नव्हता. आणि त्या विषयावरचे पार्कातले अधिकारी वक्ते होते भालचंद्र आगटे. बाकावर बसून ते रोज सांगत, "आज ना उद्या निघणारच. आणि निघेल तेव्हा पूर्वलक्षी प्रभावानं." म्हणजे हुकूम आज निघाला तरी पगार मागच्या तारखेपासून वाढलेला धरायचा आणि मधली थकबाकी हातात द्यायची. हा शब्द ते असा उच्चारत की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. बाकावरच्या त्या माणसानं घरातल्या त्या बापाला हे एकदाही सांगितलं नाही. कुमुदच्या न्यासाची अट एका कप्प्यात, वेतन आयोग दुसऱ्या. सरकारी माणसाच्या डोक्यात दोन सेक्शनांच्या फायली अशाच एकमेकींना भेटत नाहीत.

हुकूम निघाला आणि कॉलनीत दिवाळी आधीच आली. खालच्या मजल्यावरून वरपर्यंत बर्फी फिरली. मी बर्फी घेऊन वर गेलो तर भालचंद्रराव अंधारात बसलेले. "श्रीरंगराव, मी उत्पन्नाच्या मर्यादेबाहेर गेलो," ते म्हणाले. "मागच्या वर्षापासून बाहेर आहे. बढती नाकारली तेव्हासुद्धा बाहेरच होतो."

मला हसू आवरेना, आणि मग हसलो म्हणून वाईट वाटलं.

इथपर्यंतही निभावलं असतं. जुन्या पगाराचा दाखला आधीच काढलेला होता, सहीशिक्क्याचा, खरा. कुमुदनं तो पिशवीत टाकला होता.

"बाबा, यही दे देते हैं ना. कुणी विचारणार नाहीये."

"कुणी विचारणार नाही म्हणूनच सांगायला हवं."

"लालाजींना स्वतः मला पाठवायचंय. त्यांना काय फरक पडतो?"

"अटीला पडतो," भालचंद्रराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चांदनी चौकात गेले आणि लालाजींच्या हातात नवीन पगाराचा दाखला देऊन आले. लालाजींनी दोनदा विचारलं म्हणे, की आपण हा मला का देत आहात. मग शिष्यवृत्ती बुलंदशहरच्या एका मुलाला गेली. कुमुद बापाशी आठवडाभर बोलली नाही. ताट वाढायची, पण पाणी ठेवायची नाही. त्या आठवड्यात मीसुद्धा डेअरीवर वेगळ्या वेळी जात होतो. मला त्या माणसाचा खराखुरा राग आला होता. आपल्या पोरीपेक्षा नियम लाडका असणारा बाप मला आवडत नाही, आजही नाही.

पण पोरीला जायचं होतं, आणि उरला होता एकच रस्ता, ज्याला हात लावायचा नाही म्हणून हे सगळं चाललं होतं. भविष्य निर्वाह निधी. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, तेव्हा मयूर विहारला सोसायटीत दोन खोल्या घ्यायच्या म्हणून आयुष्यभर साठवलेला. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी तो काढता येतो. भालचंद्ररावांनी अर्ज केला. मंजुरी द्यायची अवर सचिवानं, म्हणजे विलासनं. विलासनं अर्ज शेरा मारून परत पाठवला, प्रवेशपत्राची साक्षांकित प्रत जोडलेली नाही.

"बरोबर आहे त्याचं," भालचंद्रराव मला कौतुकानं म्हणाले. "मीच शिकवलंय."

प्रत जोडली, मंजुरी आली. थकबाकीत विमानाचं तिकीट निघालं, निधीत बाकीचं. कुमुदनं बापाच्या पानाशी पुन्हा पाणी ठेवायला सुरुवात केली.

निघायच्या आदल्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. संक्रांत अजून लांब होती, पण पोरगी नसेल म्हणून वहिनींनी तिळाचे लाडू आधीच वळले होते. विलास आला, तिळगूळ घेतला, भालचंद्ररावांना वाकून नमस्कार केला आणि भरल्या मनानं सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, तुम्ही ती बढती सोडली नसतीत तर आज मी तुमच्या मंजुरीवर सही करायची वेळ आली नसती. मला फार अवघड वाटलं."

खोलीत कुणाचा लाडू हातातच राहिला, कुणाचा तोंडात. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. कुमुदनं आधी विलासकडे पाहिलं, मग बापाकडे.

"सोडली म्हणजे? नाव आलं नव्हतं ना?"

"आलं होतं," भालचंद्रराव म्हणाले.

"माझ्या स्कॉलरशिपसाठी सोडलीत?"

"हो."

"आणि मग स्कॉलरशिपपण सोडलीत?"

"दोन्ही नियमाला धरूनच होतं," ते म्हणाले, आणि विलासला आणखी एक लाडू घ्यायचा आग्रह करू लागले.

माणसं पांगल्यावर मी वर गेलो, जास्तीच्या खुर्च्या खाली आणायला. बॅगा दारात भरून ठेवलेल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या आणि कुमुद शिवणयंत्रावर. खिडक्या उघड्या बोडक्या होत्या. मोरपंखी पडदे तिनं काढले होते, वीतभर दुमड ठेवून खालचा भाग कापून टाकला होता आणि याच घराच्या खिडक्यांच्या मापाचे शिवत होती. कापलेले तुकडे तिच्या पायाशी पडले होते.

भालचंद्रराव दारात येऊन थांबले. तुकड्यांकडे पाहत म्हणाले, "कापायला नको होते. बढतीचा विचार वर्षानं पुन्हा होतो."

"आणि तुमची रिटायरमेंट कधी आहे, बाबा?"

त्यांनी सवयीनं चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले. यंत्र थांबलं होतं. डोळे उघडेपर्यंत ते ओले झाले होते. कुमुद उठली, शिवून झालेला पडदा तिनं त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीवर चढली.

"खालून धरा. जमिनीला नको लागायला."