मधल्या खुर्चीवर बसणारी माणसं

किस्से गोळा करायला लांब जावं लागत नाही. दहा-बारा मराठी माणसं एका खोलीत बसवा आणि त्यांना खरं बोलायला सांगा. बस्स! दिल्लीत आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये दर शनिवारी संध्याकाळी हेच चालतं. शांतवनकाका आणि करुणाकाकूंच्या घरची मराठी ख्रिस्ती प्रार्थनासभा. मी जवळच मुनिरक्यात राहून यूपीएससीची तयारी करणारी, जालन्याची, घरी गणपती बसवणारी मुलगी. काकूंच्या हातच्या पिठल्यासाठी गेले आणि कुतूहलापोटी जातच राहिले.

*

पहिल्याच दिवशी घोटाळा! सगळे सतरंजीवर गोल करून बसलेले, मधे एक खुर्ची रिकामी. मला वाटलं, पाहुण्यांसाठी असेल. बसले. लगेच आठ-दहा हात माझ्या डोक्यावर, खांद्यांवर!

ती खुर्ची आजारी माणसासाठी असते, हे मला कुठे ठाऊक? "प्रभू, या लेकराचं जे काही दुखतंय, ते बरं कर," काकू म्हणाल्या.

माझं काहीच दुखत नव्हतं. प्रीलिम्स गेली होती, एवढंच. पण मी हमसून हमसून रडले.

नंतर काकूंना म्हटलं, "सॉरी, मी चुकून बसले होते."

"अच्छा," काकू म्हणाल्या, "मग रडलीस ती पण चुकून का?"

*

काकूंची प्रार्थना सविस्तर असते. एकदा त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन पानिपतला होतं. "प्रभू, हायवेवरून उतरलं की डावीकडे, मेडिकलच्या वरती, दुसरा मजला..."

काका डोळे मिटूनच पुटपुटले, "अगं, त्याला सरळ लोकेशन पाठव ना!"

*

इथे आपली चूक सगळ्यांसमोर कबूल करायची पद्धत आहे. बोललेलं खोलीबाहेर जात नाही, म्हणून काकूंना विचारूनच हे सांगतेय. साळवेसाहेब केंद्रीय मंत्रालयात अधिकारी. उभे राहिले आणि म्हणाले, "गत सप्ताहात माझ्याकडून काही त्रुटी राहून गेल्या."

"साहेब, त्रुटी ऑफिसात. इथे पाप सांगा," काका म्हणाले.

साहेबांनी घसा साफ केला. "बायकोला तिच्या आईवरून बोललो."

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आणि भावावरून!"

*

एकदा काकांना सरळच विचारलं, "प्रार्थनेनं खरंच बरं वाटतं?" काकांची दारू सुटत आली होती.

"डॉक्टर आहे, गोळी आहे, शनिवार आहे," काका म्हणाले. "कोणामुळे थांबली ते विचारू नकोस. मला कोणालाच नाराज करायचं नाही!"

मग त्यांचं हसणं थांबलं. त्यांची मुलगी रूथ नोएडाला राहते. बापाच्या पिण्याला कंटाळून घर सोडलेली. "वर्षभर थेंब घेऊ नका, मगच माझ्याशी बोला," असं बजावून गेलेली. काकांना त्या वर्षाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. मला त्यांची फार काळजी वाटायची.

*

वर्ष भरलं त्या शनिवारी रूथ आली. बूट न काढता दारातच उभी. काकूंनी केक आणलेला. आम्ही सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होतो.

काका स्वतःच जाऊन मधल्या खुर्चीवर बसले.

"मंगळवारी घेतली," ते म्हणाले. "कोणाला कळलं नसतं. पण रूथ, तुझ्यासमोर खोटं वर्ष नको."

काकूंनी केक झाकून ठेवला. मग एकेक जण उठला आणि काकांच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवत गेला. सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायची मला वाईट खोड आहे. दाराशी आता नुसते बूट दिसत होते.

आमेन झालं. सगळ्यांनी हात काढून घेतले. एक हात काकांच्या डोक्यावर तसाच राहिला.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "करुणा, बस झालं गं," ते म्हणाले. "काढ आता हात."

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या.