व्याह्याचं गॅरेज

राघोने गाडी गणपतच्या गॅरेजला नेली, तिथेच सगळं चुकलं. पण बिचारा दुसरीकडे नेणार तरी कशी? गणपत त्याचा व्याही. राघोची एकुलती एक पोरगी योगिता गणपतच्या लखनला दिलेली, लग्नाला अजून वर्षही पुरं झालेलं नाही. सुरतेच्या पांडेसऱ्यात खाली व्याह्याचं गॅरेज, वर व्याह्याचं घर, त्या घरात आपली पोरगी नांदतेय, आणि आपण ब्रेकचं काम परक्या मिस्तरीला द्यायचं? भाऊबंद काय म्हणतील? म्हणतील, पोरगी द्यायला भरोसा होता, गाडी द्यायला नाही होय! सुरतेत खानदेशातली माणसं एवढी झालीत की इकडे शिंकलं तर तिकडे कुणीतरी म्हणतंच, सर्दी झाली का. तेव्हा राघो गाडी घेऊन व्याह्याच्या दारात गेला आणि अदबीने किल्ली देऊन आला.

राघो मूळचा शिरपूरकडचा. मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला आणि साच्यावर लागला. साचा म्हणजे कापड विणायचा माग. एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, शेकडो साचे एकदम खडखडत असतात. त्यात त्याचे कान निम्मे गेले. बोलतो तर ओरडूनच बोलतो, कुणाला वाटावं भांडतोय. पुढे गुडघे धरले तेव्हा त्याने जुनी व्हॅन घेतली आणि तो राहायचा त्या भेस्तानातून शाळेच्या मुलांची वर्धी सुरू केली. मुलांची ने-आण करायची, बस्स. पण हे काम त्याने देवपूजेसारखं केलं हो! कोणाला गाडी लागते, कोण डबा न खाता तसाच परत नेतं, कोणाची आजी फाटकाशी उभी राहते, सगळं तोंडपाठ. ओव्हरटेक म्हणून कधी करायचा नाही. आया म्हणायच्या, राघोकाकांच्या गाडीत पोर बसलं की आपण निर्धास्त. आयुष्यभर मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला याहून मोठं काय मिळणार!

तर ब्रेक जरा मऊ लागायला लागला, म्हणून गाडी गणपतकडे गेली. गणपतने एका संध्याकाळी काम उरकलं. "पैशांचं काय?" म्हटलं तर कानावर हात ठेवले. "व्याही, तुमच्याकडून पैसे घेऊ? आमच्या तोंडात शेण घालता काय!" झालं. फुकटच्या कामाला तक्रार नसते, आणि गणपतला हे पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राघोने ब्रेक दाबला, तर पेडल पार तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. नशीब, गाडी रिकामी होती. आधी नुसता मऊ लागायचा, आता लागेचना!

त्याने फोन केला. घंटी पूर्ण वाजून बंद झाली. दुपारी केला, तेच. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फार विचार करून लिहिलं, 'नमस्कार व्याहीबुवा, सवडीने फोन करावा.' दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वाचलं म्हणायचं! आणि उत्तर? दुसऱ्या सकाळी समाजाच्या ग्रुपवर गणपतने गुलाबाच्या फुलाचं शुभ सकाळ टाकलं, खाली लिहिलं, 'नाती जपा.' आता याला काय म्हणावं? मी असतो तर फोन भिंतीवर आपटला असता. राघोने त्या फुलाला हात जोडलेला अंगठ्याएवढा इमोजी पाठवला.

शेवटी तो गॅरेजवरच गेला. गणपत खुर्ची टाकून बसलेला, भोवती दोन-चार गिऱ्हाइकं. राघोला पाहताच त्याने वर तोंड करून हाक दिली, "सूनबाई, तुझे वडील आलेत. पाणी आण!"

हा खरा हलकटपणा. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. गणपतला ती माहीत नव्हती? चांगली माहीत होती. योगिता तांब्या घेऊन खाली आली, बापापुढे उभी राहिली. उन्हाने राघोचा घसा कोरडा पडला होता. त्याने तांब्याला नुसता हात लावला आणि परत दिला. "आमचं पाणी चालत नाही यांना," असं गणपत गिऱ्हाइकांना म्हणाला, आणि सगळे हसले. योगिता तांब्या घेऊन वर गेली.

"व्याही, ते जरा... पेडल आत जातंय," राघो म्हणाला. साच्याच्या खडखडाटावर मात करणारा तो आवाज, पण व्याह्यापुढे मांजराच्या पिल्लासारखा निघाला.

"पेडल आत जातंय का पाय आत जातोय?" गणपत म्हणाला. "तुमचा पाय साच्यावरचा. लाथ मारायची सवय. गाडीला प्रेमाने दाबावं लागतं."

पुन्हा हशा. राघोही हसला. हसला हो, काय करणार! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"ठेवून जा, बघतो." राघो गाडी ठेवून गेला आणि मुलांना रिक्षाने नेण्याची सोय केली. दोन दिवसांनी येऊन पाहतो तर गाडी जिथे होती तिथेच, उन्हात, आणि मागच्या सीटवर कुणीतरी जुने टायर रचून ठेवलेले. गणपत जेवायला गेला होता म्हणे. वर जिन्यातून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. राघोने टायर उतरवले, सीट पुसली आणि गाडी घेऊन गेला. पेडल तीन-चारदा दाबलं की ब्रेक लागायचा. हळू चालवू, लांबूनच दाबत येऊ, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस नाइलाजाला सवय म्हणायला लागला की समजावं, आता काहीतरी होणार.

आणि झालं. भेस्तानच्या रेल्वे फाटकाजवळ पुढचा टेम्पो अचानक थांबला. राघोने दाबलं, दाबलं, दाबलं, आणि गाडी वळवली ती उसाच्या रसाच्या गाड्यावर. फार काही नाही, ग्लास फुटले, रसवाल्याने आईमाई काढली. पण मागे बसलेल्या एका चिमुरडीचा ओठ फाटला. तिने रडायच्या आधी विचारलं, "काका, तुम्हाला लागलं का?" त्या संध्याकाळी तिची आई दारात येऊन जे बोलली ते त्याने मान खाली घालून ऐकलं. एकेक करून निम्म्या मुलांच्या घरून निरोप आले, उद्यापासून नको.

त्याची बायको सरलाबाई जिभेची तिखट. "तुम्हाला त्या गणपतची भीती वाटते की लेकरांच्या जिवाची?" तिने विचारलं. मग तिनेच योगिताला फोन लावला, "तुझ्या सासऱ्याला सांग, ब्रेक लागत नाही म्हणून." योगिताने रात्रीच्या जेवणाला सांगितलं. भाबडी पोर! सासऱ्याने ताट सरकवलं, म्हणाला, "बापाची वकील का तू?" त्या दिवसापासून योगिताचाही फोन बंद झाला. कोणी घेतला, कुठे ठेवला, कोण विचारणार?

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. गणपत दुरुस्त करीना आणि दुसऱ्याकडून करून घेण्याची सोय नाही. पण त्या चिमुरडीचा ओठ राघोच्या डोळ्यांपुढून जाईना. शेवटी पहाटे उठून त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत तापी ओलांडली, थेट कोसाडला गेला. वाटलं, इथे कोण ओळखतंय! तिथे दत्तू नावाचा पोरगेला मिस्तरी होता. त्याने चाकं उघडली आणि कपाळावर हात मारला. "काका, ब्रेकचे रबर जुनेच बसवलेत. तेलाच्या नळीतली हवासुद्धा काढली नाही. हा कुठला शहाणा?"

"असाच एक," राघो म्हणाला. नाव घेतलं नाही. देवाशप्पथ, नाव घेतलं नाही त्याने.

दत्तूने काम असं केलं की पेडलवर पाय ठेवला की गाडी जागेवर उभी. राघोला रडू येईल असं वाटलं. पण आजकालची पोरं! दत्तूने मोबाईलवर फिल्म काढून ठेवली होती, ते कुजके रबर तळहातावर धरून. दुपारी स्टेटसला टाकली, 'असे मिस्तरी जीव घेतील.' मागे गाडी उभी, नंबर स्पष्ट. सुरतेतले खानदेशी मिस्तरी सगळे एकमेकांच्या मोबाईलमध्ये. संध्याकाळपर्यंत ती फिल्म पांडेसऱ्यात पोचली, आणि लोक गणपतला विचारायला लागले, ही तुझ्या व्याह्याची गाडी ना रे?

इतके दिवस फोनला उत्तर न देणारा गणपत आता बोलला. दुसऱ्या दिवशी लखन मोटारसायकलवर योगिताला घेऊन भेस्तानला आला. तिला उतरवलं, तिची पिशवी खाली ठेवली. आत या म्हटलं तर आला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, काम पसंत नाही तर मालही परत." आणि गेला. स्वतःच्या बायकोला माल म्हणून गेला, अन् मिशा आहेत म्हणे!

सरलाबाई म्हणाली, "राहू द्या पोरगी घरात. भाकरी महाग झालीय का?" पण राघोला झोप येईना. गल्लीतल्या बायका साखर मागायला येऊन योगिताकडे बघून जायच्या. परत आलेली पोर, परत आलेली पोर, असं त्याच्या कानात नुसतं घणघणायला लागलं. योगिताला काय हवंय, हे तिला कोणी विचारलं नाही. तिच्या बापानेही नाही.

चार भाऊबंद मध्ये पडले. ठरलं, राघोने सगळ्यांसमोर बोलायचं. तो योगिताला आणि व्हॅन घेऊन गेला. गॅरेजसमोर खुर्च्या मांडल्या होत्या, लग्नाची बोलणी असावीत तशा. राघो उभा राहिला आणि आपल्या बोलीत म्हणाला, "चूक मना पायनी शे. कामनी नही." चूक माझ्या पायाची, कामाची नाही. योगिता मागे पिशवी धरून उभी होती.

गणपतचं तेवढ्याने भागलं नाही. तो उठला, "बाहेरच्या हातावर माझा भरोसा नाही" म्हणाला, आणि सगळ्यांच्या देखत चाकं उघडून दत्तूचे नवे रबर काढून टाकले. आपल्या डब्यातले बसवले. हात पुसत राघोकडे किल्ली फेकली. "आता चक्कर मारून या. आणि एकटे नको. भरोसा आहे ना? पोरीला शेजारी बसवा."

राघोने पेडलवर पाय ठेवला. ते सावकाश, लोण्यात सुरी जावी तसं, तळाला गेलं. त्याला कळलं. उभ्या गाडीतच कळलं. तिथेच तो खाली उतरला असता तर ही गोष्ट मी तुम्हाला मानाने सांगितली असती. चारचौघे बघत होते. त्याने शेजारचं दार उघडलं आणि म्हणाला, "बस, बेटा."

योगिता बसली. रेल्वेच्या पुलावर गाडी चढली तोवर ठीक होतं. उतारावर एक बस आडवी आली. राघोने दाबलं, दाबलं, हँडब्रेक ओढला, गाडी कठड्याला घासत, ठिणग्या उडवत गेली आणि बसच्या मागच्या चाकापासून वितीवर थांबली. योगिताचं कपाळ काचेवर आपटलं. रक्त नाही आलं. मागून हॉर्न वाजत होते.

"घाबरू नको," राघो धापा टाकत म्हणाला. "तिथे सांगू नको हां."

योगिताने कपाळ चोळलं. ती रडली असती तरी बरं झालं असतं. "सासऱ्यांना खरंच वाटत असेल की ब्रेक लागतो," ती म्हणाली. "त्यांना स्वतःचं काम चांगलंच वाटतं. पण तुमले ते माहीत व्हतं ना, नाना?"

गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत परत आली. घासलेली बाजू भिंतीकडे ठेवून त्याने ती उभी केली. गणपत खुर्चीतून न उठता म्हणाला, "काय व्याही?"

"झकास," राघो म्हणाला.

"सूनबाई, तू सांग."

योगिताने ओढणी कपाळावर पुढे ओढली, पिशवी उचलली. "नाना म्हणतात तर लागत असेल," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. मिटलं एकदाचं, असं म्हणत भाऊबंद चहाला बसले. राघो गाडीतच बसून होता. सगळे त्याला हाका मारत होते, पण त्याला खाली उतरताच येईना.