घाटातला पट्टा

पेठ रस्त्यावरच्या घाटातला तो अपघात माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी तेव्हा ग्रामीण पोलिसांत निरीक्षक होतो. दिंडोरीला द्राक्षछाटणीसाठी मजूर घेऊन निघालेली पिकअप भरदिवसा दरीत कोसळली. चालक दवाखान्यात नेण्याआधीच गेला, बाकीचे जबर जखमी झाले.

पंचनामा सुरू असतानाच चालकाच्या बायकोने तक्रार दिली. तीही गाडीत होती, तिचा हात मोडला होता. "रस्त्यावरून एक माणूस खाली दरीत उतरला. माझ्या मालकाजवळ बसला, त्यांच्या कमरेचा पट्टा काढला नि निघून गेला. बायांच्या ओढण्याबी नेल्या. मेलेल्याला लुटलं, साहेब!" नातेवाईक चिडले होते. गुन्हा दाखल झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही, म्हणत होते.

घाटाखालच्या चहावाल्याकडून खबर मिळाली. रक्ताने माखलेला एक मोटारसायकलवाला त्याच्या पिंपाजवळ हात धुऊन गेला होता. अंगात सिक्युरिटीचा गणवेश होता. सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर चौकशी केली आणि संध्याकाळपर्यंत माणूस सापडला. पन्नाशीतला, सैन्यातून निवृत्त झालेला. ठाण्यात आणला तेव्हा ताठ उभा राहिला.

"पट्टा घेतला?"

"घेतला, साहेब."

"कशाला?"

"गरज होती."

"आणि त्या माणसाला तसंच टाकून गेलात?"

दमदाटी केली, समजावून पाहिलं. चोर खोटं बोलतो, निदान रडतो तरी. हा नुसता भिंतीकडे पाहत होता.

डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने पहिला धागा दिला. "सैन्यात ते जखमींची मलमपट्टी करायचे. सीमेवरच्या लढाईत होते. घरी आल्यावर दवाखान्यात चांगली नोकरी मिळत होती, घेतली नाही. म्हणाले, गेटवर उभा राहतो, रक्त नको आता."

मी लगेच सिव्हिल हॉस्पिटल गाठलं. शस्त्रक्रिया करून बाहेर आलेल्या डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, "घाटात कोण होतं हो?" एका मजूर बाईच्या मांडीवर तो पट्टा करकचून आवळलेला होता. इतरांच्या जखमांवर ओढण्या. पट्टा किती वाजता बांधला ती वेळ बाईच्या कपाळावर पेनाने लिहिलेली, डॉक्टरांना कळावी म्हणून. "हे केलं नसतं तर ती इथवर पोहोचलीच नसती," डॉक्टर म्हणाले.

ठाण्यात परतलो, त्याला खुर्ची दिली. "हे आधी का नाही सांगितलंत?"

तो खुर्चीवर बसला आणि बोलू लागला. "ड्रायव्हरचा श्वास चालू होता, साहेब. पण माझ्या हातून तो वाचणारा नव्हता. मागे, गाडीपलीकडे त्या बाईचं रक्त वाहत होतं, ते थांबवता येत होतं. मी निवड केली. लढाईतही करावी लागायची. हे त्या ताईंना कोणत्या तोंडानं सांगू? मला चोर समजल्या तर निदान शिव्या देऊन मोकळ्या तरी होतील."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असा जबाब ऐकला नव्हता. लेखनिक हवालदाराचा हातही थांबला.

दुसऱ्या दिवशी मी चालकाच्या बायकोला सगळं सांगितलं. तिने त्याला भेटायचं म्हटलं. समोर बसून तिने एवढंच विचारलं, "त्यांच्यात जीव होता का?"

"होता, ताई. थोडा."

"मग तुमी तिच्याकडं गेला."

"गेलो."

तिने प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाली, "तिचं पोर अजून अंगावर पितंय." आणि माझ्याकडे वळून, "माझी तक्रार नाय, साहेब."

आमच्यासमोर पापणी न हलवलेल्या त्या माणसाने टेबलावर डोकं टेकलं. ती उठली आणि प्लास्टर नसलेला हात त्याच्या पाठीवर ठेवून उभी राहिली. दोघंही रडत होते. मी हवालदाराला घेऊन बाहेर व्हरांड्यात आलो.

पुढे त्याने गेटवरची नोकरी सोडली. आता तो पेठ-दिंडोरी भागातल्या चालकांना आणि मजुरांना वाहतं रक्त थांबवायला शिकवतो.

स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसणारे आरोपी मी शेकड्याने पाहिले. दुसऱ्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून चोरीचा आळ घेऊन गप्प बसलेला हा एकच. त्यानंतर कोठडीत कोणी बोलेनासा झाला की आवाज चढवण्याआधी मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसू लागलो.