माऊसला न शिवणारे दाजी

माझ्या दाजींनी आजवर जेवढा वेळ वाचवला असेल, तेवढा अख्ख्या कळमनुरी तालुक्यानं मिळून वाया घातला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आखाडा बाळापुरात त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज होतात, पण मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. माणूस लाखमोलाचा, फक्त माऊसला हात लावायचा म्हटलं की अंग चोरतो. "पाव्हणं, माऊसकडं हात गेला म्हंजे माणूस घर सोडून वेशीवर गेला," असं ते मला सांगतात. "परत यायला टाइम लागतो का न्हाई?" दुकानातला माऊस त्यांनी पुसून डब्यात घालून ठेवलाय.

सगळं निवडायचं तर कंट्रोल आणि ए, उचलायचं तर सी, डकवायचं तर व्ही, चुकलं तर झेड. एका खिडकीतून दुसरीत जायला आल्ट आणि टॅब. हे सगळं ते पेटी वाजवल्यासारखं डोळे मिटून करतात. नेहमीच्या मजकुरांना त्यांनी दोन-दोन अक्षरांच्या खुणा लावून ठेवल्यात. एक खूण ठोकली की 'श्रीकृपेकरून' उमटतं, दुसरी ठोकली की बौद्ध घरचा 'मंगल परिणय', आणि तिसरीनं बंजारा तांड्यावरच्या नायक-कारभाऱ्यांची ओळ हजर होते. असा वाचवलेला सगळा वेळ मग तो कसा वाचला हे गिऱ्हाइकाला समजावण्यात जातो. "सर, कागद द्या, नांदेडची जीप निघून राहिली," असं एक जण कळवळून म्हणाला, तर दाजी म्हणाले, "थांबा हो, तुमचा टाइम कसा वाचतो ते तर पाहा!" जीप गेली. दाजींनी त्याला चहा पाजला आणि चहा होईपर्यंत आणखी दोन युक्त्या शिकवल्या.

खरं सांगायचं तर दुकान चालायचं ते आक्कामुळं, म्हणजे माझ्या बहिणीमुळं. पत्रिकेत कुणाचा चुलता वर घ्यायचा, कुठला मामा खाली गेला तर मांडवात रुसून बसेल, हे तिला तोंडपाठ. दाजी युक्त्या सांगायचे, आक्का टाइप करायची. गेल्या वर्षी लकव्यानं तिची उजवी बाजू गेली. बोलणं सुधारलं, पाय सुधारला, हात मात्र तसाच राहिला. तिनं दुकानात येणं सोडलं. अशात भाचीचं लग्न ठरलं. "माझ्या लेकीची पत्रिका मीच लिहिणार व्हते," एवढंच ती एकदा जेवताना बोलली आणि उठून गेली.

तारीख जवळ आली, व्याही फोन करू लागले, तरी पत्रिकेचा पत्ता नाही. मी चिडलो. "दाजी, तुमच्यासाठी हे दोन मिनिटांचं काम. काहून अडवून धरलं?" ते मान वर न करता म्हणाले, "ते काम माझं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते आक्काला दुकानात घेऊन आले. मीही बरोबर होतो. ती डाव्या हातानं लिहू लागली. पण जोडाक्षर आलं की शिफ्ट धरून दुसरी कळ दाबावी लागे आणि ती कळ नेमकी पलीकडच्या टोकाला. एकच हात, तो किती ताणणार? तिचे डोळे भरून आले. "न्हाई व्हत माझ्यानं. तुमीच करा."

दाजींनी शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली. पडद्यावर एक चौकट आली, तिला त्यांनी होकार दिला. एरवी ही चौकट चुकून आली की आपण वैतागून घालवतो. "आता दोन्ही संगं दाबायच्या न्हाईत," ते म्हणाले. "आधी ही दाब, सोड, मंग ती. पहिली दुसरीची वाट पाहते."

आक्कानं दाबली, सोडली, बोट सावकाश पलीकडं नेलं. अक्षर उमटलं. मी उगाच पंख्याकडं पाहत राहिलो. पहिल्या दोन ओळींनाच दुपार टळली. दारात गिऱ्हाइकं जमली, कुणी घड्याळ पाहायला लागलं. लेकीच्या नावाशी आल्यावर आक्काचा हात थबकला.

"तुमच्या कामाची खोटी व्हऊन राहिली," ती म्हणाली. "लोकं थांबलेत."

दाजींनी गिऱ्हाइकांना बसा म्हणून हातानंच खुणावलं आणि स्वतःची खुर्ची तिच्या खुर्चीला लावली.

"बसतेत ते," ते म्हणाले. "तू लिही."