हळदीआधीची कॉफी

आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही. म्हणून एकाच महिन्यात वाणसामानात ती पुन्हा पुन्हा यायला लागली तेव्हा मी चक्क खूश झाले. होणारे जावई कॉफी पितात, हे मला बैठकीतच कळलं होतं. पोरगी सासरच्या सवयी आतापासूनच लावून घेतेय, असं मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या दोघींना सांगूनही टाकलं. त्यांनी माझं कौतुक केलं. संस्कार म्हणाल्या.

मुलगी बी. फार्म. झालेली, बुलढाण्यातच एका कॉलेजात शिकवते. सासर देऊळगाव राजाचं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, हॉल ठरला होता, आणि पोरीनं आधी भात सोडला, मग बटाटा, मग रात्रीचं जेवण. लग्नाच्या पोरी असंच करतात, असं घरात सगळेच म्हणत होते. मीही म्हणत होते. मग एक दिवस ब्लाउजच्या मापाला उभी असताना ती शिवणाऱ्या बाईंच्या अंगावर कोसळली. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना ओरडताही आलं नाही.

घरी आणल्यावर तिनं खोलीची कडी लावली, पाठ फिरवली आणि मला मांडीची मागची बाजू दाखवली. चिमटीत धरली की कातडीवर बारीक बारीक खळगे पडत होते. मी नीट पाहिलं.

"मग?" मी म्हणाले.

हे म्हणायला नको होतं. ती रडायला लागली आणि म्हणाली, "हे गेल्याशिवाय मी लग्न करणार नाही. पुढच्या वर्षी करू. हॉल कॅन्सल कर."

मला राग आला. मला राग लवकर येतो. "रस्त्यात खड्डे आहेत म्हणून लग्न पुढं ढकललं, असं सांगितलं तर आपल्याकडं कोणीही विश्वास ठेवेल," मी म्हणाले. "मांडीत आहेत म्हणून ढकललं, हे मी कुणाला सांगू?" ती हसली नाही. ती खरंच हॉल कॅन्सल करायला निघाली होती, आणि एकदा ठरवलं की ती माझं ऐकत नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी पाहिलं आणि याला सेल्युलाइट म्हणतात असं सांगितलं. हा रोग नाही. वयात आल्यावर जवळजवळ सगळ्या बायकांना येतं, जाड असो की बारीक. कातडीच्या खाली चरबी असते आणि कातडीला आत बांधून ठेवणारे धागे असतात. चरबी वर येते, धागे खाली ओढतात. पुरुषांत ती बांधणी वेगळी असते, म्हणून त्यांना सहसा दिसत नाही. क्रीम, तेल, लेप यांनी ते जात नाही. दुखलं, एकदम सूज आली, तर या. उपाशी मात्र राहू नका.

"सगळं बरोबर आहे मॅडम," माझी मुलगी म्हणाली, "पण घालवायचं कशानं?"

डॉक्टरीणबाई उठून हात धुवायला गेल्या.

घरी आलो तर अंगणात गादीवाला तिच्याच लग्नाची गादी शिवत बसला होता. नवा कापूस, वरून टाके. मी म्हटलं, बघ, टाका पडतो तिथं गादी दबते आणि मधला कापूस फुगतो. डॉक्टर हेच सांगत होत्या. टाके नसले तर सगळा कापूस एका कोपऱ्यात जाईल.

"मी गादी नाहीये," ती म्हणाली.

तेही खरंच होतं.

कॉफी कुठं जात होती ते मला तोवर कळलं होतं. कॉफी, साखर आणि खोबरेल तेल एकत्र कालवून ती मांड्यांना चोळायची आणि वरून पोळ्या गुंडाळायचा पातळ प्लास्टिकचा कागद बांधून बसायची. औषधशास्त्र शिकवणारी पोरगी. ऑफिसातल्या दोघींना मी खुलासा केला नाही. हॉल कॅन्सल करायचं तिनं पुन्हा काढलं नव्हतं, पण लग्नाला हो पण म्हटलं नव्हतं. हळद मात्र गालापुरतीच लावून घेईन, फोटोत असते तेवढी, असं बजावलं होतं. आमच्याकडं हळद पायापासून वर चढते. पावलं, गुडघे, खांदे, कपाळ. आणि मग बायकांचा हात जिथं पोचेल तिथं.

हळदीच्या आदल्या दिवशी धामणगाव बढ्याहून माझ्या नणंदबाई आल्या. सत्तरीच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून त्या कार्यात पुढं येत नाहीत, कडेला खुर्ची टाकून बसतात. आत्याचा पहिला मान त्यांनी आपणहून सोडला होता. केस मात्र लग्नाआधी रंगवायचे म्हणाल्या आणि अंघोळीला गेल्या. न्हाणीघराच्या फळीवर वाटीत काहीतरी तपकिरी कालवलेलं होतं. लग्नघरात वाटीत तपकिरी कालवलेलं म्हणजे मेंदीच. त्यांनी ती सगळी डोक्याला थापली आणि ओट्यावर उन्हात येऊन बसल्या.

थोड्या वेळानं पोरगी वाटी शोधत बाहेर आली.

"मेंदी बरी हाय व," आत्याबाई म्हणाल्या, "पन साखर काऊन टाकली? मुंग्या येऊन राह्यल्या."

पोरीनं रिकामी वाटी पाहिली आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली. "काऊन रडून राह्यली माय? मेंदीच त होती!" आत्याबाई घाबरल्या. मग मी दोघींना खोलीत नेलं, कडी लावली आणि काय ते सांगितलं. आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधूनमधून कानाजवळची मुंगी झटकत. मग त्यांनी पातळ वर केलं.

"असं हाय का तुहं?"

पोरीनं डोळे पुसून वाकून पाहिलं. "तुझं जास्त आहे."

"वय बी जास्त हाय."

मला हसू आलं. पोरीला नाही. तिनं हळूच विचारलं, "आतोबा काही म्हणायचे नाहीत?"

आत्याबाईंनी पातळ खाली सोडलं, नीट केलं.

"त्याईनं पाह्यलंच कुठं? दिवा बंद झाल्याबिगर मी त्याईले जवळ येऊ देल्लं नाही. मले वाटे, पाह्यलं त मन उतरंल. अन् त्याईले वाटे, मले त्याईचीच शिसारी येते. येकदा विचारलं बी त्याईनं. मी काय सांगू? मांडीले खळगे हायत, असं सांगू? गप राह्यली." मुंगी त्यांच्या कपाळावर आली होती, ती त्यांनी काढली नाही. "तेच मनात घेऊन गेले मानूस."

मग पोरगी उठली, गरम पाणी काढलं आणि आत्याचं डोकं धुऊन दिलं. मला त्या दोघींजवळ जाता आलं नाही. मी बाहेर जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी हळदीला पाटाभोवती सगळ्या बायका जमल्या. पाच सवाष्णी पुढं झाल्या. आत्याबाई कडेला खुर्चीवर, केस थोडे तपकिरी, कॉफीचा वास येतच होता.

"आत्या, आधी तू," पोरगी म्हणाली.

बायकांत कुजबुज झाली. "मी कशी लावू माय?" आत्याबाई म्हणाल्या, पण त्या उठल्या. बसायला त्यांना वेळ लागला. पावलांना लावली. गुडघ्यांना लावली आणि सवयीनं हात मागं घेतला.

भर उन्हात पोरीनं साडी आणखी वर ओढली.

"अजून वर लाव, आत्या," ती म्हणाली.