चाळीस फोन

दोन वर्षं मी वहिनी होतो. हसायचं असन त आताच हसून घ्या, पुढे त्याले जागा नाही.

फोनवर आमचा लिहिणाऱ्यांचा एक ग्रुप होता. पंधरा-सोळा जण, सगळे मराठी, कोणी अमरावतीचं, कोणी पुण्याचं, एक जण तिकडे गुजरातेत. कोणी कोणाले पाह्यलेलं नाही. आम्ही कारखान्याजवळची एक खोटी वस्ती उभी केली होती अन् प्रत्येकानं त्या वस्तीतला एक माणूस व्हायचं. कोणी पानवाला, कोणी शाळेतली मास्तरीण, कोणी मिलमधला फिटर. आपल्या माणसाच्या तोंडून चार ओळी लिहायच्या, दुसऱ्यानं त्याच्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं, अशी गोष्ट पुढे सरकायची. याले रोलप्ले म्हणतात हे मले मागून समजलं. मी उशिरा पोचलो, तोवर चांगले चांगले माणसं वाटून झाले होते. उरली होती एक, फिटरची बायको. ग्रुप चालवणाऱ्यानं विचारलं, "घेता का?" मी म्हटलं, आण.

खरं नाव सांगायचं नाही असा नियमच होता. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हळूहळू सगळे मले वहिनी म्हणायले लागले, गोष्टीत पण अन् गोष्टीबाहेर पण.

अन् मी कोण? छत्तीसगढात रुआबांध्याले राहणारा, मिशीवाला, एका खाजगी रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणारा माणूस. वीस वर्षं झाली. माझा बाप भंडाऱ्याकडून इकडे नोकरीले आला अन् इथलाच झाला, घरात पण हिंदीच बोले. मिलमध्ये आमची हिंदी चालते, लोडिंगवाल्यांशी छत्तीसगढी. माझी पोरगी त म्हणते, "पापा, मराठी में मत डाँटो, हँसी आती है." मराठीत मी जन्मभर बोललो ते दोनच जणींशी, आधी आई अन् मग बायको. चार माणसांत टपरीवर बसून मराठीत गप्पा हाणल्या, असं कधी झालंच नाही. म्हणून लिहायले बसलो की हातातून जे निघे ते बाईचंच निघे. "राहू द्या, माहीत आहे मले." "जेवता का नुसते पाहता?" फिटर माझ्या वाट्याले आला असता त त्याच्या तोंडून सगळी हिंदीच पडली असती. वहिनी मले शोधावी लागली नाही. ती स्वयंपाकघरात होती.

बायकोले यातलं काहीच माहीत नव्हतं. पहिल्या शिफ्टहून आलो की जेवून खाटेवर पडायचं अन् लिहायचं. तिनं विचारलं त मी सांगितलं, यूनियनचा ग्रुप आहे. ती म्हणे, "तुमची यूनियन लय बोलते बाप्पा."

आता मागच्या थंडीतली गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथूनच आहे.

सकाळी नऊच्या सुमाराले आमच्या मिलमध्ये तेलाच्या ड्रमांनी पेट घेतला. माणसाले कोणाले काही झालं नाही, पण धूर असा निघाला की रुआबांध्यातून दिसे. आमच्याकडे फोन आत नेता येत नाही, गेटवर लाकडी डबा आहे, त्यात टाकून जायचं. अकरा वाजता आग विझली, काम बंद झालं, डबा उघडला. ज्यानं त्यानं आपापला फोन काढला. माझ्या बाजूवाल्याच्या फोनवर त्याच्या आईचे सात मिस्ड कॉल. दुसऱ्याचे नऊ. मी माझा पाह्यला. एक पण नाही.

माझं डोकंच फिरलं. साऱ्या गावानं धूर पाह्यला अन् हिले दिसला नाही? नवरा जगला का मेला, एक फोन करून विचारावं नाही वाटलं? तिनं नाही केला, त मी कावून करू? तोंड वाकडं करून टपरीवर बसलो. चहा पेलो, पुन्हा चहा पेलो, लोकांच्या आगीच्या गोष्टी ऐकल्या, मी पण सांगितल्या. घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते.

तिनं दार उघडलं. म्हणाली, "आले?" मग म्हणाली, "पाणी गरम आहे, आंघोळ करून घ्या." अन् आत गेली. बस. मी न विचारताच सांगून टाकलं, "चार वाजेपर्यंत फोन डब्यातच बंद होता." आतून भांडे घासायचा आवाज येऊन राहिला होता, नळ पुरा सुटलेला. तिनं ऐकलं की नाही, मले समजलं नाही.

आठ दिवसांनी ग्रुपमधल्या गोष्टीत फिटरच्या मिलले आग लागली. आता वहिनी काय करन, सगळे वाट पाहून राहिले होते. मी एका बैठकीत लिहून काढलं. वहिनी चाळीस फोन करते. चप्पल न घालता गेटपर्यंत पळत जाते, वॉचमनची कॉलर पकडते, रडून रडून तिचा आवाज बसते. ग्रुपनं डोक्यावर घेतलं मले. कोणी म्हणे अंगावर काटा आला, कोणी म्हणे बाईचं दुःख बाईच लिहू जाणे. मले गुदगुल्या झाल्या, खोटं कावून बोलू?

त्या वस्तीत मास्तरीण जी व्हायची, तिचा नवरा खरोखरच एका कारखान्यात होता, विदर्भातल्या कोणत्या तरी गावात. ती कधी कधी वहिनीले वेगळा मेसेज करे. लोणचं कसं घालू, सासू बोलत नाही त काय करू. मी बायकोले आडून विचारायचो अन् उत्तर द्यायचो. चालून राहिलं होतं.

मग या वर्षी एका मंगळवारी, माझी सुट्टी होती, साडेअकराच्या आसपास मास्तरणीचा मेसेज आला.

"वहिनी, आहात का?"

मी लिहिलं, "बोल."

"ह्यांच्या फॅक्टरीत काहीतरी फुटलं. आवाज घरापर्यंत आला. हे आत आहेत. अकरा वेळा फोन केला, रिंग जाते, उचलत नाहीत."

ही गोष्टीतली मास्तरीण नव्हती, खरी बाई होती. बोटं फोनवर ठेवले. लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुसलं. तिकडे तिले दिसत असन की वहिनी लिहून राहिली आहे.

"वहिनी, बोला ना. तुम्ही त्या दिवशी चाळीस केले होते. मी पण करत राहू का?"

अरे बापा. तिनं ते खरं धरलं होतं, अन् असे फोन खरंच करतात का नाही, मले त काही म्हणता काही माहीत नव्हतं. हो म्हणू? नाही म्हणू? आतला माणूस खरंच गेला असन, अन् ही बाई माझ्या भरवशावर रिंग देत बसन त?

बायको समोर खाली बसून ब्लाउजले हूक लावून राहिली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं? यूनियनमध्ये कोणी मेलं का?"

मी फोन तिच्या हातात दिला. एका दमात सगळं सांगितलं. ग्रुप, वस्ती, वहिनी, मास्तरीण. तिनं मेसेज वाचले, ओठ हलवत, एक एक.

"चाळीस फोन कोणी केले?"

"वहिनीनं. म्हणजे मीच... म्हणजे लिहिलं मी."

"असं कोणी करते का?" ती म्हणाली. मग माझ्याकडे असं पाह्यलं की मी नजर खाली घातली. "तुमच्याशी मागून बोलते."

अन् ती लिहायले लागली, एका बोटानं, सावकाश. मी तिच्या खांद्यामागून वाचून राहिलो होतो.

"फोन बंद कर पहिले. एक पण रिंग देऊ नोको. रिंग जाते अन् कोणी उचलत नाही, त आपला जीव दर वेळी नव्यानं जाते. आमच्या घरांच्या लाइनीत धूर दिसला की कोणतीच बाई फोन करत नाही. फोन उलटा करून दुसऱ्या खोलीत ठेवतो आमी.

दारात बस. सुपात तांदूळ घे, निवडलेले असतीन तरी घे. नजर कोपऱ्यावर ठेव. शेजारीण येऊन बसन त बसू दे, ती काही विचारणार नाही.

त्याच्या आंघोळीचं पाणी गरम ठेव. थंड झालं त पुन्हा ठेव. पाणी गरम आहे म्हणजे माणूस यायचा आहे, असं धरून चालायचं.

आला त 'आले?' इतकंच म्हण अन् आत जा. त्याच्या समोर रडू नोको, तो पण भेलेला असते. भांडे घे घासायले, नळ पुरा सोड, मग रड."

माझ्या डोळ्यासमोर तो नळ आला. मी खाटेवर बसून तो आवाज ऐकला होता. मनात म्हटलंही होतं, किती पाणी वाया घालवून राहिली ही. मले माझीच इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं. पण फोन तिच्या हातात होता अन् तिकडे एक बाई दारात बसून होती, म्हणून उठता येईना.

पुढचे तीन तास आमच्या घरात कोणी जेवलं नाही. पोरगी शाळेतून आली, तिले ताट वाढून दिलं. मास्तरीण मधून मधून लिहायची. "अँब्युलन्स गेली." "कोपऱ्यावर कोणी नाही." "पाणी थंड झालं." अन् माझी बायको दर वेळी लिहायची, "पुन्हा ठेव." मी एकदा म्हटलं, बातमीत पाहू का काही आलं का? ती म्हणाली, "चूप बसा." मी चूप बसलो.

तीन वाजायले आले तेव्हा एकच शब्द आला. "आले."

बायकोनं फोन मांडीवर ठेवला अन् हातातल्या ब्लाउजनं डोळे पुसले. माझ्या समोर, नळ न सोडता. मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाह्यलं.

थोड्या वेळानं म्हणाली, "आता तिले सांगा, तुमी कोण होय ते."

"कावून? झालं ना आता सगळं नीट."

"तिनं जीव मुठीत धरून विचारलं अन् तुमी तिले फसवत राहान? सांगा."

मी लिहिलं. मी पुरुष आहे, मिलमध्ये काम करतो, आज जे लिहिलं ते माझ्या बायकोनं लिहिलं, माफ कर. पाठवून टाकलं अन् शिव्यांची वाट पाहत बसलो. पाच वाजता उत्तर आलं. बायकोनं फोन मधात ठेवला, दोघांनी संगंच वाचलं.

"तुम्ही पुरुष आहात हे मला चाळीस फोनांच्या दिवशीच समजलं होतं. त्याआधी शंका होती. बाया शेजारी पण होत्या, पण मला आज मिलमधल्या माणसालाच विचारायचं होतं. वेड्यासारखे फोन केले तर तुम्हा लोकांना आत ते कळतं का, बरं वाटतं का. ताईंनी सांभाळलं मला, त्यांना जयभीम सांगा. पण एक तुम्हीच सांगा. आत असताना उचलत नाही, ते समजतं. हे एक वाजताच बाहेर आले होते. मित्रांसोबत उभे होते. बाहेर आल्यावर तरी फोन का करत नाही तुम्ही?"

बायकोनं ब्लाउज बाजूले ठेवला अन् माझ्याकडे वळून बसली.

"सांगा ना," ती म्हणाली. "मले पण ऐकायचं आहे."

मी लिहिलं, "फोन डब्यात बंद असतो." तेवढंच. बोट पाठवायच्या बटणावर नेलं. ती पाहून राहिली होती, स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी पुसलं. कपाळावर घाम आला होता, भट्टीसमोर येते तसा. मग लिहिलं, "अकरा वाजता फोन हातात होता. तिचा एक पण मिस्ड कॉल नव्हता, त्याचा राग आला. म्हणून मी पण नाही केला."

न पाठवताच फोन बायकोकडे दिला.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"अकराले सुटले होते तुमी?"

"हो."

"अन् आले चारले."

"हो."

ती ओरडली असती त मले सोपं गेलं असतं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे ते चाळीस फोन तुमाले पाहिजे होते." अन् तिनंच पाठवायचं बटण दाबलं.

मग मी विचारलं, त्या दिवशी विचारायले पाहिजे होतं ते, "पाणी किती वेळा गरम केलं होतं?"

तिनं ब्लाउज उचलला, सुईत दोरा ओवला.

"सहा वेळा," ती म्हणाली. "दोनदा अकराच्या पहिले. चारदा मागून."