वच्छलाबाईंच्या कुरडया

“म्हैसमाळ आमच्या ओट्यावरून अख्खं दिसतं, वर जाऊन काय बगायचं?” असं वच्छलाबाई एकदा बोलून गेल्या आणि त्या बोलण्याला तीस वर्षं जागल्या. खुलताबादला आलेले पाहुणे जीपनं डोंगरावर जात, वच्छलाबाई घरी राहून पुरण वाटत.

यंदा करमाडहून विहीण आल्या, आवडाबाई. त्या हात धरून ओढायलाच लागल्या.

“बाजंवर कुरडया वाळतायत, ईनबाई. कावळे हाकायला कुणी नको का?”

संध्याकाळी आवडाबाई हसतच परतल्या. “वर दुर्बीणवाला व्हता. तुमचं घर बगितलं.”

“दिसलं?”

“लई झकास! निळा पत्रा, बाज, कुरडयांवर दोन कावळे, आन् शेजारी काठी धरून गाढ झोपलेल्या तुम्ही.”

सुनेनं तोंडाला पदर लावला. वच्छलाबाईंनी बाजेकडं पाहिलं. कुरडयांचा एक कोपरा रिकामा होता. विहिणीला खोटं पाडावं, तर झोप खरीच लागली होती. पण एवढ्या लांबून एवढं दिसतं?

सकाळी पाहुण्यांचा चहा चालू असताना त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, चपला पायात सरकवल्या आणि जीपच्या अड्ड्याकडं निघाल्या.